जसा निकाल, तसे अनुदान

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्यात जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. मराठी वाचकाला हे निवेदन नवे नाही. शेतकऱ्यांच्या घामातून गोळा होणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो ही तक्रार, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी आणि शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून यावेत हा आग्रह, हे सारे आपण अनेकदा वाचले-ऐकले आहे. पण त्याच निवेदनात प्राथमिक शाळांविषयी बोलताना जोतीराव दोन-तीन वाक्यांत आणखी एक गोष्ट सांगून जातात. निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवण्यासाठी मुळीच योग्य नाही, असे ते म्हणतात. ज्या लोकांना शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, त्यांच्यात स्वतःच्या भरवशावर शाळा काढायला कोणी मास्तर पुढे येणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट चालणार नाही, असे कारणही ते देतात.

ही निकालावरची अनुदानपद्धत म्हणजे काय, ती आपल्याकडे कुठून आली आणि जोतीरावांनी तिला विरोध का केला, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. विषय दीडशे वर्षांपूर्वीचा असला तरी शिळा झालेला नाही. परीक्षेच्या आकड्यावर शाळेचे आणि शिक्षकाचे भवितव्य टांगण्याचा प्रयोग एकविसाव्या शतकात अमेरिकेने पुन्हा एकदा, फार मोठ्या प्रमाणावर केला. आपल्याकडेही तो अधूनमधून डोके वर काढतो.

लंडनमधील हिशेब

इंग्लंडच्या सरकारने गरिबांच्या शाळांसाठी पहिल्यांदा पैसे दिले ते १८३३ मध्ये. रक्कम होती २० हजार पौंड आणि तीही शाळांच्या इमारतींसाठी. शाळा चालवत होत्या चर्चशी संबंधित संस्था. पुढे १८४६ पासून शिक्षकांच्या पगाराला जोड देणे, होतकरू मुलांना 'शिष्यशिक्षक' म्हणून पाच वर्षे तयार करणे, त्यांना विद्यावेतन देणे अशा योजना आल्या आणि खर्च वाढत गेला. १८६१ मध्ये तो ८ लाख १३ हजार पौंडांच्या घरात पोचला होता. नुकतेच क्रिमियाचे युद्ध होऊन गेले होते, तिजोरीवर ताण होता आणि पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला जाऊ लागला होता की एवढ्या पैशांतून देशाच्या पदरात पडते काय?

१८५८ मध्ये नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये अहवाल दिला. वरच्या वर्गांतील मोजक्या मुलांकडे मास्तर लक्ष देतात, लहान मुलांचे वाचन, लेखन आणि गणित मात्र कच्चे राहते, आणि शाळेत येणाऱ्या मुलांपैकी जेमतेम पावभाग मुलेच नीट शिकून बाहेर पडतात, असा त्याचा निष्कर्ष होता. मुलांची परीक्षा घेऊन त्यावर अनुदानाचा काही भाग द्यावा, ही सूचनाही त्यातच होती.

त्या वेळी शिक्षण खात्याचा कारभार रॉबर्ट लो या मंत्र्याकडे होता. लो हुशार, फर्डा वक्ता आणि खुल्या व्यापाराचा कट्टर पुरस्कर्ता. बाजाराचा नियम त्याने शाळेला लावला. माल दाखवा आणि पैसे घेऊन जा. फेब्रुवारी १८६२ मध्ये पार्लमेंटपुढे त्याने जे आश्वासन दिले त्याचा मथितार्थ असा होता की, ही व्यवस्था स्वस्त पडली नाही तर ती कार्यक्षम असेल, आणि कार्यक्षम नसली तर निदान स्वस्त तरी असेल.

१८६२ च्या 'सुधारित संहिते'ने हिशेब असा बांधला. सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग. वर्षभरात दोनशेहून अधिक वेळा, म्हणजे सकाळच्या किंवा दुपारच्या सत्रांना, हजर राहिलेल्या मुलामागे आणखी ८ शिलिंग. पण हे ८ शिलिंग परीक्षेवर अवलंबून. वाचन, लेखन आणि गणित या तीन विषयांपैकी ज्यात मूल नापास होईल, त्या प्रत्येक विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापायचे. तिन्हीत नापास झाले की आठही शिलिंग गेले. याचा अर्थ एका मुलामागे जास्तीत जास्त मिळणाऱ्या १२ शिलिंगांपैकी दोनतृतीयांश रक्कम एका दिवसाच्या परीक्षेवर ठरणार होती. परीक्षेसाठी सहा इयत्ता आखून दिल्या होत्या. पहिलीच्या मुलाने एकाक्षरी शब्दांची गोष्ट वाचायची, अक्षरे काढायची आणि वीसपर्यंतचे आकडे ओळखून लिहायचे. सहावीच्या मुलाने वर्तमानपत्रातला साधा परिच्छेद वाचायचा, तसाच एक श्रुतलेखनाने लिहायचा आणि दुकानाच्या बिलासारखे गणित सोडवायचे. एकदा एका इयत्तेत बसवलेले मूल पुन्हा त्याच इयत्तेत परीक्षेला बसवता येत नसे. इतिहास, भूगोल, व्याकरण, गाणे यांना पैसे नव्हते.

दुसरा मोठा बदल असा की शिक्षकाला सरकारकडून थेट मिळणारी पगाराची जोड बंद झाली. अनुदान आता शाळेच्या व्यवस्थापकांना मिळे आणि मास्तरचा पगार त्यांनी त्याच्याशी काय ठरवले आहे त्यावर राही. अनेक ठिकाणी पगाराचा काही भाग अनुदानाशी जोडला गेला.

स्वस्ताईचे आश्वासन लोने पाळले. १८६५ मध्ये सरकारी अनुदान ६ लाख ३७ हजार पौंडांपर्यंत खाली आले होते. शिष्यशिक्षकांची संख्याही झपाट्याने घटली. उरला प्रश्न कार्यक्षमतेचा.

तपासणीचा दिवस

या पद्धतीखाली प्रत्येक मुख्याध्यापकाला शाळेची रोजनिशी ठेवावी लागे. इंग्लंडमधल्या दप्तरखान्यांत अशा हजारो वह्या आजही आहेत. हंगाम सुरू झाला म्हणून मुले कापणीला गेली, गोवराची साथ आली, बर्फामुळे निम्मी शाळा रिकामी, असल्या नोंदींनी त्या भरलेल्या असतात. वरवर पाहता या नोंदी कोरड्या वाटतात. पण दोनशे हजेऱ्यांची अट लक्षात घेतली की त्या नोंदीमागचा जीव समजतो. कापणीला गेलेले प्रत्येक मूल म्हणजे बुडालेले आठ शिलिंग होते. शहरातल्या बऱ्या वस्तीतील शाळेला ही अट जाचत नसे. शेतमजुरांच्या गावातली शाळा मात्र दोन्हीकडून मार खाई: मुले हजर नाहीत म्हणून एकदा, आणि हजर नसल्यामुळे शिकली नाहीत, सबब नापास झाली म्हणून पुन्हा एकदा.

इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येई. त्या दिवशी आजारी मुलालाही शाळेत आणले जाई. वर्षभर एकच वाचनपुस्तक इतक्या वेळा घोटलेले असे की मुलांना ते तोंडपाठ होई. पुस्तक उलटे धरून धडाधड 'वाचणाऱ्या' मुलांचे किस्से त्या काळच्या आठवणींतून सांगितले जातात. हुशार मुलाकडे लक्ष द्यायचे कारण नव्हते. तो उत्तीर्ण होणारच होता. वरच्या इयत्तेत जाण्याची कुवत असलेल्या मुलाला सावकाश पुढे नेण्यातच शाळेचा फायदा होता, कारण दरवर्षी त्याच्या नावावर खात्रीचे आठ शिलिंग मिळत. मास्तरचा सारा जोर लागे तो मधल्या, काठावरच्या मुलांवर, आणि त्यात छडीचा वाटा मोठा असे.

या सगळ्याचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार होता मॅथ्यू अर्नल्ड. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो कवी आणि समीक्षक म्हणून माहीत असतो. पण त्याने पोटासाठी १८५१ पासून पस्तीस वर्षे शाळा तपासनिसाची नोकरी केली. संहितेचा मसुदा आला तेव्हाच, १८६२ मध्ये, त्याने आपल्याच खात्याच्या मंत्र्याविरुद्ध मासिकात लेख लिहिला. पुढे आपल्या वार्षिक अहवालांतून तो सांगत राहिला की ही परीक्षा म्हणजे एक यांत्रिक खेळ झाला आहे आणि त्यात शिक्षक तपासनिसांना हरवायला शिकणार, नव्हे त्यांना ते शिकावेच लागणार. त्याचे सर्वांत बोचरे निरीक्षण असे होते की चतुराईने तयारी करून घेतली तर मुले वाचन, लेखन आणि गणिताच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकतात, आणि तरीही त्यांना खरोखरीचे वाचता, लिहिता वा हिशेब करता येत नसतो.

अर्नल्डने शिक्षकांना दोष दिला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. माणसाच्या पोटाची दोरी एका आकड्याला बांधली तर माणूस तो आकडा सांभाळणार, इतकेच तो म्हणत होता.

स्वतः लोला १८६४ मध्येच पद सोडावे लागले. तपासनिसांच्या अहवालांतील गैरसोयीचा मजकूर खाते छापत नाही, असा आरोप होऊन पार्लमेंटने ठराव केला. पुढे चौकशीत तो दोषमुक्त झाला आणि १८६८ मध्ये अर्थमंत्रीही झाला. त्याची संहिता मात्र राहिली. १८६७ नंतर तिच्यात इतर विषयांसाठी जादा अनुदान घालून डागडुजी करण्यात आली. १८७० च्या कायद्याने सार्वजनिक शाळामंडळे आली, त्यांनाही तीच पद्धत लागू झाली. क्रॉस आयोगाच्या १८८८ च्या अहवालानंतर, १८९० पासून, ती मोडीत निघू लागली आणि १८९७ पर्यंत संपली. एडमंड होम्स हा दुसरा तपासनीस पुढे प्राथमिक शाळांचा मुख्य तपासनीस झाला. निवृत्तीच्या सुमारास, १९११ मध्ये, त्याने लिहिलेल्या पुस्तकात या पद्धतीचे जे वर्णन आहे ते वाचताना जाणवते की तिचा खरा परिणाम ती गेल्यानंतर दिसला. तीस वर्षे दुसऱ्याने आखून दिलेल्या परीक्षेसाठी शिकवणाऱ्या शिक्षकाला मोकळीक मिळाली, तेव्हा तिचे काय करायचे हे त्याला उमगेना.

मुंबई इलाख्यात

साम्राज्याच्या राजधानीत रूढ झालेली पद्धत वसाहतींत पोचायला वेळ लागत नसे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात ती जवळजवळ लगेच आली, आयर्लंडमध्ये १८७२ मध्ये आली. आपल्याकडे १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केलेले होते. ते कसे द्यायचे हे प्रत्येक इलाख्यावर सोपवले होते. मद्रासमध्ये शिक्षकाच्या पगाराचा हिस्सा देण्याची चाल होती, उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात ठरावीक मुदतीसाठी ठरावीक रक्कम देत. मुंबई इलाख्याने मात्र निकालावरची पद्धत उचलली. १८६५-६६ च्या सुमारास सर अलेक्झांडर ग्रँट शिक्षण संचालक असताना तिचे नियम झाले. ग्रँट आधी एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य होते. इंग्लंडमधील ताज्या घडामोडी त्यांच्या परिचयाच्या होत्या.

इथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. इंग्लंडमध्ये बहुतेक सर्व गरिबांच्या शाळा या पद्धतीखाली होत्या. मुंबई इलाख्यातील बहुतांश प्राथमिक शाळा मात्र सरकारी खात्याच्या होत्या आणि त्या सरकारी रकमेवर आणि जमीन महसुलावरच्या लोकलफंडाच्या पट्टीवर चालत. निकालावरचे अनुदान लागू होते ते मिशनऱ्यांच्या आणि इतर खासगी शाळांना, आणि अशा अनुदानित प्राथमिक शाळा सरकारी शाळांच्या मानाने अगदी थोड्या होत्या.

मग या पद्धतीची एवढी चर्चा का? कारण १८८२ मध्ये पुढचा रस्ता ठरायचा होता. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगापुढे मुख्य प्रश्न हाच होता की शिक्षणाचा प्रसार सरकारने स्वतः शाळा काढून करायचा, की खासगी प्रयत्नांना अनुदान देऊन? सरकारचा कल दुसऱ्या मार्गाकडे होता. तो स्वस्त होता. आयोगाच्या सदस्यांत मुंबईचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. १८८३ च्या अहवालात आयोगाने शिफारस केली ती अशी की, प्राथमिक शाळांचे अनुदान सर्वसाधारणपणे बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर ठरवावे. मागास जिल्ह्यांतील किंवा विशेष परिस्थितीतील शाळांसाठी अपवाद करता येईल. महाविद्यालयांना मात्र ही पद्धत लावू नये, असे त्याच आयोगाचे मत पडले. जी पद्धत उच्च शिक्षणाला घातक वाटली, ती शेतकऱ्याच्या पोराच्या शाळेला चालेल असे ठरले.

जोतीरावांचा आक्षेप

या पार्श्वभूमीवर जोतीरावांची ती वाक्ये पुन्हा वाचावीत. अर्नल्डचा आक्षेप शाळेच्या आतला होता: परीक्षा शिकवण्याला बिघडवते. जोतीरावांचा आक्षेप शाळा नसलेल्या गावाचा होता. निकाल आधी आणि पैसा नंतर, असा नियम केला तर ज्या वस्तीत निकाल लागण्याजोगे अजून काहीच नाही, तिथे पैसा कधी पोचणारच नाही. ज्या घरात चार पिढ्यांची अक्षरओळख आहे तिथली मुले परीक्षेत उतरतील, त्यांच्या शाळेला अनुदान मिळेल, त्या अनुदानातून चांगला मास्तर येईल आणि पुढचा निकाल आणखी चांगला लागेल. माळी, कुणबी, महार, मांग यांच्या वस्तीत हे चक्र फिरायलाच लागणार नाही. म्हणून अशा लोकांत गोडी निर्माण होईपर्यंत सरकारी शाळा आणि खास उत्तेजन यांवाचून गत्यंतर नाही, असे त्यांचे सांगणे होते.

हा आक्षेप परीक्षेला किंवा देखरेखीला नव्हता, हे त्याच निवेदनावरून दिसते. मास्तरांना जबाबदार धरूच नये, असे जोतीराव कुठेही म्हणत नाहीत. उलट शाळांची तपासणी फार अपुरी आहे अशी त्यांची तक्रार आहे. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा फारसा उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि शिवाय अधूनमधून आगाऊ न कळवता भेट द्यावी, असे ते सुचवतात. मास्तराचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल सांभाळणे किंवा स्टॅम्प विकणे अशी कामे त्याला देऊन गावात त्याचा मान वाढवावा. आणि खेड्यातल्या ज्या मास्तराची बरीच मुले उत्तीर्ण होतील त्याला पगाराखेरीज काही खास भत्ता द्यावा.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. निकालाबद्दल बक्षीस द्यायला जोतीरावांची ना नव्हती. त्यांची अट एवढीच होती की ते पगाराखेरीज असावे. आधी मास्तराला जगण्यापुरता, मानाने राहण्यापुरता पगार, मग वारंवार आणि न सांगता तपासणी, आणि त्यावर कामाचे कौतुक, असा हा क्रम आहे. लोच्या संहितेत पगारच बक्षिसात विरघळून गेला होता आणि तपासणीचा दिवस महिनाभर आधी माहीत असे. स्वतः मुलींसाठी आणि अस्पृश्यांसाठी शाळा चालवलेल्या माणसाचा हा हिशेब होता. रिकाम्या हातांनी शाळा सुरू करणे म्हणजे काय, हे आयोगासमोर बसलेल्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

आयोगाने त्यांचे ऐकले नाही. निकालावरचे अनुदान हिंदुस्थानात आणखी वीस वर्षे चालले. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने शिक्षणविषयक ठरावात या पद्धतीवर टीका करून ती सोडून दिली. वार्षिक तपासणीचा दरारा मात्र गेला नाही. खेड्यातल्या बोलीत 'डिपोटी' झालेला तो साहेब यायचा म्हणून शाळा सारवायची, हुशार मुलांना पुढच्या रांगेत बसवायचे, नेमकी कोणती कविता म्हणायची ते आधी ठरवायचे, हा विधी स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे चालला. आज साठी-सत्तरीत असलेल्या वाचकांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल.

अटलांटा

जुना प्रयोग फसला हे इतिहासाच्या पुस्तकात लिहिले गेले, म्हणून तो पुन्हा होत नाही असे नाही. ८ जानेवारी २००२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 'एकही मूल मागे राहू नये' या अर्थाच्या नावाचा कायदा स्वाक्षरीनिशी लागू केला. दोन्ही पक्षांनी त्याला पाठिंबा दिला होता. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा घ्यायची, शाळेचा निकाल दरवर्षी ठरल्याप्रमाणे वाढला पाहिजे आणि २०१४ पर्यंत देशातले शंभर टक्के विद्यार्थी अपेक्षित पातळीला पोचले पाहिजेत. ज्या शाळा मागे पडतील त्यांच्यावर पायरीपायरीने कारवाई: आधी पालकांना मुले दुसऱ्या शाळेत नेण्याची मुभा, मग खासगी शिकवणीचा खर्च, आणि शेवटी कर्मचारी बदलणे किंवा शाळाच दुसऱ्याच्या ताब्यात देणे.

या कायद्याचा हेतू वाईट नव्हता, हे मान्य केले पाहिजे. काळ्या, स्थलांतरित, गरीब आणि अपंग मुलांचे निकाल वेगळे जाहीर करणे त्याने सक्तीचे केले. त्यापूर्वी चांगल्या सरासरीच्या आड ही मुले लपून जात. चौथीच्या मुलांच्या गणितात या काळात खरी सुधारणा झाल्याचेही अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसले. वाचनात तशी दिसली नाही.

पण लोच्या काळातली लक्षणे एकामागून एक परत आली. २००७ मध्ये झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीत ६२ टक्के शिक्षण जिल्ह्यांनी प्राथमिक शाळांत भाषा आणि गणिताचा वेळ वाढवल्याचे सांगितले, आणि ४४ टक्क्यांनी त्यासाठी इतिहास, विज्ञान, कला, संगीत, खेळ यांचा, अगदी मधल्या सुट्टीचाही वेळ कापल्याचे सांगितले. टेक्ससमधील एका शाळेच्या अभ्यासात आढळले की उत्तीर्णतेच्या काठावरच्या मुलांना वेगळे काढून शिक्षकांचा वेळ त्यांच्यावर खर्च होत होता. जी वर होती आणि जी फार खाली होती, त्यांच्याकडे पाहायला सवड नव्हती. इंग्लंडमधल्या छडीवाल्या मास्तराचे गणित ते हेच.

याचा शेवट अटलांटा शहरात झाला. तिथल्या सार्वजनिक शाळांत बहुसंख्य मुले काळी आणि गरीब. अधीक्षक बेव्हर्ली हॉल यांच्या कारकिर्दीत शाळांचे निकाल झपाट्याने सुधारले आणि २००९ मध्ये त्यांना देशातील सर्वोत्तम अधीक्षकाचा मान मिळाला. त्याच वर्षीच्या उत्तरपत्रिकांवर चुकीचे उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणा इतक्या सापडल्या की योगायोगाने तसे घडणे अशक्य होते. राज्यपालांनी नेमलेल्या तपासाचा अहवाल जुलै २०११ मध्ये आला. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार झाले होते आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यात गुंतलेले होते. त्यांतील ८२ जणांनी कबुली दिली. एका शाळेतील शिक्षक तर शनिवार-रविवारी एका घरी जमून मुलांची उत्तरे बदलत बसले होते. लक्ष्य गाठा नाहीतर नोकरी सोडा, अशा धाकाचे वातावरण वर्षानुवर्षे होते, असे अहवालाने नोंदवले. २०१३ मध्ये हॉल यांच्यासह ३५ जणांवर आरोपपत्र दाखल झाले. हॉल यांचा त्यांच्यावर खटला चालण्याआधीच आजारपणात मृत्यू झाला. १ एप्रिल २०१५ रोजी अकरा जणांना संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली दोषी ठरवण्यात आले. मूळचा हा कायदा गुन्हेगारी टोळ्यांसाठी केलेला होता.

त्या खटल्यात शिक्षक तुरुंगात जाताना सगळ्यांनी पाहिले. मुलांचे काय झाले ते कमी लोकांनी पाहिले. ज्या मुलाला वाचता येत नव्हते त्याच्या कागदावर येते असे लिहिले गेले, आणि म्हणून त्याला मिळायला हवी होती ती जादा शिकवणी कधी मिळाली नाही. उत्तीर्ण होऊनही वाचता न येणारी जी मुले अर्नल्डने पाहिली होती, तीच दीडशे वर्षांनी पुन्हा वर्गात बसलेली होती. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने हा कायदा बदलला. परीक्षा राहिल्या, शिक्षेचे केंद्रीय बंधन सैल झाले. शंभर टक्क्यांचे लक्ष्य कोणत्याही राज्याने गाठले नव्हते.

सतरा नंबरचा फॉर्म

आपल्याकडे शाळेचे अनुदान थेट मुलाच्या गुणांवर मोजले जात नाही. तरीही निकालाचा आकडा शाळेच्या डोक्यावर असतोच. दहावीचा 'शंभर टक्के निकाल' असे फलक चौकाचौकांत लागतात. या शंभर टक्क्यांमागे काय असते हे शाळेत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काही ठिकाणी कच्च्या मुलाला नववीतच अडवले जाते. काही ठिकाणी पालकांना बोलावून गोड शब्दांत सुचवले जाते की मुलाला 'सतरा नंबरचा फॉर्म' भरून बाहेरून बसवा. मूल परीक्षेला बसते, पण शाळेच्या निकालात मोजले जात नाही. शाळेचा आकडा शाबूत राहतो आणि ज्या वर्षी त्या मुलाला शाळेची सर्वाधिक गरज असते, त्याच वर्षी त्याची शाळा सुटते. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिष्यवृत्तीच्या निवडक मुलांसाठी सकाळी जादा तास चालतात, त्याच वेळी त्याच वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नसते. यात कुणी दुष्ट नाही. आकडा मागितला गेला, आकडा दिला गेला.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणालाही त्याच वर्गात ठेवू नये असे ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत पुन्हा नापास करण्याची मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्राने ती स्वीकारली आहे. या दोन टोकांवर वाद घालताना एक साधा भेद आपण विसरतो. मोजणे वेगळे आणि मोजमापाला पोटाशी बांधणे वेगळे. २००५ पासून 'असर'चे स्वयंसेवक खेड्यांत घरोघर जाऊन मुलांना एक परिच्छेद वाचायला देतात. त्या आकड्यावर कुणाची बदली होत नाही की कुणाला भत्ता मिळत नाही. म्हणूनच तो आकडा अप्रिय असला तरी विश्वासार्ह राहिला आहे. अमेरिकेतही नमुना निवडून घेतली जाणारी राष्ट्रीय चाचणी अशीच आहे, आणि राज्यांनी जाहीर केलेले फुगीर निकाल उघडे पडले ते तिच्याशी ताडून पाहिल्यावरच. परीक्षा नकोच, असा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही. वाचता न येणारे मूल शोधायचे तर कुणीतरी त्याच्यापुढे पुस्तक धरलेच पाहिजे. मात्र ते पुस्तक धरणाऱ्याला आणि शिकवणाऱ्यालाही खरे उत्तर सांगण्याची भीती वाटता कामा नये.

जोतीरावांनी १८८२ मध्ये मागितले होते ते एवढेच: मास्तराला खात्रीचा पगार, शाळेला न सांगता आणि वरचेवर येणारा तपासनीस, आणि ज्या वस्तीत अजून निकाल लागत नाही तिथे आधी शाळा. यातले पहिले आपण बऱ्याच प्रमाणात दिले. कंत्राटी शिक्षकांच्या रूपाने तेही आता काढून घेत आहोत. दुसऱ्याच्या जागी ऑनलाइन माहिती भरण्याचे तक्ते आले आहेत. राहिले तिसरे. पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करण्याचा विषय निघतो, तेव्हा यादीत पहिली नावे वाड्या-पाड्यांवरच्या शाळांची येतात. त्या यादीवर सही करण्यापूर्वी पुण्यातल्या त्या निवेदनाचे ते पान एकदा वाचायला हरकत नाही.